सुपडूची चौकशी

आमच्या भागात एखादा अनोळखी, बऱ्या कपड्यांतला माणूस गावात उतरला, ओट्यावर टेकला आणि ‘अमक्याचा मुलगा कसा आहे हो?’ असं विचारू लागला, की गाव एकच समजतं: याच्याकडे मुलगी आहे. मग कोणी खुर्ची आणतं, कोणी चहा सांगतं, आणि ज्या मुलाविषयी विचारलं त्याच्या गुणांना एकदम बहर येतो. जमत आलेली सोयरीक आपल्या तोंडून मोडली, हे कोणालाच नको असतं. मी याच भागात वाढलो, मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ज्या कामात हे सगळ्यात आधी आठवायला हवं होतं, त्याच कामात मी ते विसरलो. विसरलो म्हणणंही खरं नाही. मी त्याचा फायदा घेतला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या एका संस्थेतले मानसशास्त्राचे डॉक्टर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत एक अभ्यास करत होते. रिमांड होममधून सुटून घरी गेलेली मुलं पुन्हा गुन्हा करतात का, आणि जी करत नाहीत ती कशामुळे करत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. मुलं होममध्ये असतानाच त्यांनी निम्म्यांचे वर्ग घेतले होते. राग आला तर काय करायचं, जुना मित्र ‘चल’ म्हणाला तर त्याला कसं टाळायचं, हे नाटक करून घोटून घ्यायचे. उरलेल्या निम्म्यांना वर्ग नव्हता. आता ती मुलं वीस-एकवीस वर्षांची झाली होती. त्यांना गावोगाव जाऊन शोधायचं आणि फॉर्म भरून आणायचे, हे माझं काम. कोण वर्गातला आणि कोण बिनवर्गाचा, हे मला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. कळलं असतं तर माझी लेखणी एका बाजूला कलली असती, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला तेव्हा तो अपमान वाटला होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय अवघड, पोलिसांना विचारलं की झालं. पोलिसांकडे फक्त सापडलेले असतात. ज्यानं केलंच नाही आणि जो सापडला नाही, यांच्यातला फरक ठाण्याच्या वहीत मिळत नाही. तो शेजारी, घरची माणसं आणि खुद्द मुलगा यांना वेगवेगळं विचारून काढावा लागतो. आधी शेजारी, मग तीन महिन्यांनी घर आणि मुलगा, असा क्रम ठरलेला होता. नाहीतर मुलगा शेजाऱ्यांना पढवून ठेवतो. आणि एक नियम सगळ्यांवरचा: मुलगा रिमांड होममध्ये होता, हे आपल्या तोंडून तिसऱ्याला कळता कामा नये.

माझे वडील कापूस बाजारात हमाल होते. मी चौदाव्या वर्षी भाजीच्या लिलावात बोली पुकारायला उभा राहिलो आणि बी.ए. बाहेरून केलं. डॉक्टरांना समाजकार्याची पदवी असलेला माणूस हवा होता. ती माझ्याकडे नव्हती. मी त्यांची प्रश्नावली हातात घेतली, चाळली आणि म्हणालो, ‘एवढे प्रश्न खेड्यात कोणी ऐकून घेणार नाही. निम्मे करा.’ ते म्हणाले, एकही कमी होणार नाही. तासभर घासाघीस झाली. तिसरा हिस्सा प्रश्न गेले आणि काम मला मिळालं. प्रश्न कमी केल्यामुळेच फॉर्म पूर्ण भरून आले. त्याचं श्रेय अहवालात कुठे नाही, पण ते राहू द्या.

पहिल्याच गावात एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, ‘पोर कोनी शे, भाऊ?’ मुलगी कोणाची, असा त्याचा अर्थ. खरं सांगायला मनाई होती. मी नुसता हसलो. त्या हसण्यानं तोंडं अशी उघडली, की पुढच्या गावात मी मुद्दाम हसलो, आणि त्याच्या पुढच्या गावात आपण होऊन म्हणालो, ‘वरणगावकडचं एक स्थळ आहे.’ गुपितही राहिलं आणि कामही झालं. मी स्वतःवर खूश होतो. डॉक्टर फॉर्म पाहून म्हणाले, ‘तुमच्या जिल्ह्यात सगळेच निर्व्यसनी आणि कष्टाळू कसे?’ मी सांगितलं, शब्द वाचू नका, उशीर वाचा. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये माणूस किती थांबला, ते मी समासात लिहून ठेवलंय. ते त्यांना आवडलं. समासातल्या त्या खुणा पुढे त्यांनी वापरल्या, माझं नाव न घालता.

सुपडू धरणगावजवळच्या एका खेड्यातला. पंधराव्या वर्षी भुसावळच्या दोन पोरांबरोबर विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापायचा. आतलं तांबं भंगारात जायचं. एका रखवालदाराला त्यानं दगड मारला आणि सापडला. दोन वर्षं होममध्ये काढून घरी आला. बाप नव्हता. आई होती, तिला सगळे गोदाक्का म्हणायचे.

त्याच्या शेजारी भिका नाना राहायचे. साठीचे, बागायतदार, बोलायला जपून. मी मुलाची चौकशी केली तर म्हणाले, ‘पोऱ्या चांगला शे. दोन वरीस सुरतले व्हता, मामाकडे. हिऱ्यांना कामले.’ जराही उशीर नाही. पुढच्या घरी तेच, सुरत. पाराजवळच्या दुकानात तेच, सुरत. सबंध गावानं एका मुलाची दोन वर्षं सुरतेला नेऊन ठेवली होती. मी ते फॉर्मवर लिहून घेतलं आणि एसटीत एकटाच हसत जळगावला आलो.

तीन महिन्यांनी मी ठरल्याप्रमाणे घर आणि मुलगा करायला गेलो. गोदाक्काच्या घराला नवा चुना दिला होता. बाजेवर धुतलेली गोधडी अंथरली होती. मी बसतो न बसतो तोच भिका नाना येऊन टेकले, आणि आत खापर तापल्याचा वास आला. गोदाक्का मांडे करत होती. आमच्याकडे खापरावरचे मांडे रोजच्या पाहुण्याला होत नाहीत.

मी म्हणालो, ‘आक्का, कशाला एवढं?’

‘खा भाऊ. तुम्ही ऊनात तवाधरून मना पोऱ्या सुधारी गया.’ तुम्ही आल्यापासून माझा मुलगा सुधारला, असं ती म्हणत होती.

नानांनी सगळं सांगितलं. भुसावळची पोरं राजदूत मोटारसायकल घेऊन यायची, ती या तीन महिन्यांत दोनदा येऊन रिकामी परत गेली. सुपडू धरणगावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला होता. जळलेल्या मोटारीची तार उसवून नवी गुंडाळायची, ते काम. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. ‘मुलीकडचे परत येतील तर मी घरी रिकामा दिसायला नको,’ असं म्हणायचा.

माझ्या पिशवीत त्याचा फॉर्म होता. पहिलाच प्रश्न होता, होममधून सुटल्यापासून आपण पुन्हा कोणता गुन्हा केला आहे काय. तो मी बाहेर काढला नाही. दोन मांडे खाल्ले, ‘कळवतो’ म्हणालो आणि उठलो.

घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘मांडे खाऊन आलात ना? मग आता मुलगी शोधा.’

ती थट्टा करत होती, पण मला दुसरा रस्ताच दिसेना. स्थळ नव्हतंच म्हणून सांगितलं तर पोरगा जाणार कुठे? दुकान सोडून राजदूतवर. सकाळचं वर्तमानपत्र आलं की मी आधी आतल्या पानावरच्या बारीक बातम्या बघायचो. ‘केबलचोर जेरबंद’ दिसलं की एकेका नावावर बोट ठेवायचो. नावं वाचून होईपर्यंत चहा निवलेला असायचा. डोकं आधीच तापट, त्यात जेवण तुटलं. घरात सगळे मला चुकवून वागायला लागले.

मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. ते दुसऱ्या कामासाठी जळगावला आले तेव्हा त्यांच्या लॉजवर गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘तुम्हाला निरीक्षण करायला पाठवलं होतं. सोयरीक जमवायला नाही.’

‘पण मुलगा ताळ्यावर आहे. तुम्हाला तेच हवंय ना?’

‘तो कशामुळे ताळ्यावर आहे, हे मला हवंय. आता त्याला तुमचा हात लागला. ही केस मी अभ्यासातून वगळतो.’

‘वगळताय कसे? माझ्या सगळ्या फॉर्ममध्ये हा एकच मुलगा आहे ज्याच्याबाबतीत काय झालं ते आपल्याला दिसतंय.’

‘म्हणूनच.’

मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला. डॉक्टर वाकून काचा गोळा करू लागले, तशी मलाही लाज वाटून मी खाली बसलो. काचा वेचताना मी म्हणालो, ‘उद्या मी खरंच मुलगी आणली, तर होमचं तिच्या बापाला सांगू की नको?’

ते म्हणाले, ‘तुम्ही सांगू शकत नाही. मीही नाही. ते गुपित सुपडूचं आहे. सांगायचं का, हे तोच ठरवेल.’

बाकी त्यांचं काही मी मानलं नाही. एवढं मानलं, पण माझ्या पद्धतीनं.

वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला असलेले दामूभाऊ माझे जुने ओळखीचे. मुलगी एकोणीस वर्षांची, सातवी शिकलेली. मी त्यांना ‘पाहून तर घ्या’ एवढंच म्हणालो. मग धरणगावच्या त्या दुकानात जाऊन सुपडूला बाहेर बोलावलं आणि मी कोण, का आलो होतो, स्थळ मुळात कसं नव्हतं, सगळं सांगून टाकलं. त्याच्या हातात तांब्याची तार होती. ती तो बोटाला गुंडाळत राहिला.

‘मायले सांगं का?’ त्यानं विचारलं. आईला सांगितलं का.

‘नाही.’

‘नका सांगू.’

मी म्हणालो, ‘आता मात्र खरं स्थळ आहे. पण तू दोन वर्षं कुठे होतास ते त्यांना कळल्याशिवाय मी त्यांची मुलगी इथे देऊ देणार नाही. मला बोलायला मनाई आहे. तू सांगणार असशील तर त्यांना आणतो. नाहीतर इथेच थांबू.’

आयुष्यभर मी भाव केले. समोरच्याला दुसरं गिऱ्हाईक नाही हे कळल्यावर कसं बोलायचं, ते मला पक्कं येतं. मी सुपडूशी तसा बोललो. तो म्हणाला, ‘आणा.’

मला वाटलं होतं, तो दामूभाऊंना बाजूला घेऊन सांगेल.

रविवारी ते आले. दामूभाऊ, त्यांची बायको आणि एक चुलतभाऊ. ओट्यावर अर्धा गाव. सकाळी स्टँडवर उतरताना मला एक राजदूत दिसली होती, तिच्यामुळे माझं लक्ष सारखं रस्त्याकडे. दामूभाऊंनी रीतसर विचारलं, मुलगा या दुकानाआधी कुठे होता? भिका नाना म्हणाले, ‘सुरतले.’ दुकानदार म्हणाला, ‘सुरतले. बठ्ठा गावले माहीत शे.’ सबंध गावाला ठाऊक, म्हणे. आणि सुपडू पुढे येऊन म्हणाला, ‘मी सुरतला नव्हतो. रिमांड होममध्ये होतो. केबल चोरायचो. एका माणसाला दगड मारला.’ तो शुद्ध बोलला, शाळेत धडा म्हणावा तसा. पाठ करून आला असावा.

नानांनी खाली पाहिलं. गोदाक्का दारात उभी होती, तिनं चौकट धरली.

दामूभाऊंनी कप खाली ठेवला. ‘पोरगं खरं बोललं,’ ते म्हणाले. ‘पण मला मुलगी द्यायची आहे, बक्षीस नाही.’ मग माझ्याकडे वळले. ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘होतं.’

‘तुम्ही दिली असती तुमची?’

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तरी मी रस्त्याकडे पाहिलं. ते उठले. त्यानंतर त्यांनी माझ्या घराची पायरी चढली नाही.

गोदाक्का मला वेशीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, ‘तुम्हीच मोडी आमनी सोयरीक. मना पोऱ्या तसा नही.’ सुपडू कुठे दिसेना. राजदूतही दिसेना. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी एकटाच बसलो होतो आणि मला एकच कळत होतं, की मी त्या मुलाला रस्त्यावर आणून सोडलं आणि आपण घरी चाललो.

डॉक्टरांनी परत त्या गावात जायचं नाही म्हणून लेखी बजावलं. पुढचं काम हातचं जाईल म्हणून मी गेलो नाही. वर्तमानपत्र वाचत राहिलो. ओळखीच्या हवालदारांना आडून विचारत राहिलो. महिने गेले, वर्ष गेलं, सुपडूचं नाव कुठे आलं नाही. हळूहळू माझी भीती ओसरली आणि तिच्या जागी अभिमान आला. दोन वर्षांनी अहवाल छापून आला. वर्गातली मुलं किती टिकली, बिनवर्गाची किती, याचे तक्ते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ, की क्षेत्रकार्यकर्त्याच्या हस्तक्षेपामुळे एक केस वगळली आहे. क्षेत्रकार्यकर्ता म्हणजे मी. नाव तिथेही नाही.

ती एक ओळ मला नऊ वर्षं पुरली. पुढे मी कोर्टात परिवीक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या कामाला लागलो, कनिष्ठांना शिकवू लागलो, आणि जो भेटेल त्याला ऐकवायचो: सबंध अभ्यासात खरा सुधारलेला एकच मुलगा, तो माझा, आणि तोच यांनी वगळला. माझ्या बायकोला ती गोष्ट पाठ झाली होती. शेवटी एकदा ती म्हणाली, ‘त्या मुलाला जाऊन विचारलंत का कधी?’

विचारलं नव्हतं. तोवर नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. शोध घेतला तर कळलं, सुपडू धुळ्याला आहे. मोटार रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. मी गेलो. त्यानं लगेच ओळखलं आणि स्टूल पुसून दिलं. बायको आतून डोकावली, ‘कोण आलंय?’ तो म्हणाला, ‘आपली पहिली सोयरीक मोडणारे.’ ती हसली आणि चहा ठेवायला गेली. तिच्या आधी आणखी दोन स्थळं मोडली होती. दोन्ही ठिकाणी त्यानं तेच सांगितलं होतं. हिच्या वडिलांनी आठ दिवस विचार केला आणि होकार दिला.

मी विजयी चेहऱ्यानं म्हणालो, ‘म्हणजे होममधून आल्यावर तू कधी हात लावला नाहीस.’

‘एकदा लावला.’

मला वाटलं, तो मी गावात येण्याआधीचं, जुनं काही सांगतोय.

‘तुमचे पाहुणे गेले त्याच रात्री,’ तो म्हणाला. ‘भिका नानाच्या विहिरीवरची केबल कापली.’

‘त्या भुसावळच्या पोरांनी नेलं तुला?’

‘ते कुठे आले होते? होमच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, मित्र बोलवायला आला तर काय म्हणायचं. मला अजून पाठ आहे. पण कोणी आलंच नाही. मी एकटाच गेलो. गावात सगळ्यांदेखत तोंड काळं करून घेतलं होतं, मग आता जपायचं काय राहिलं, असं वाटलं.’

‘मग?’

‘मग काय. केबल घेऊन बांधावर बसलो. सुरत म्हणून माझ्यासाठी खोटं बोललेला माणूस, आणि कापली त्याचीच. सकाळी दुकानातली हत्यारं घेऊन गेलो आणि जोड द्यायला बसलो. नाना पाणी भरायला आला. उभा राहिला. मी मान वर केली नाही. तो म्हणे, जोड पक्का शे का? मी म्हटलं, शे. म्हणे, मग चालू कर.’

‘आणि?’

‘मोटार चालू झाली. त्यानं कोणाला सांगितलं नाही. नंतर गावातल्या सगळ्या मोटारी माझ्याकडे यायला लागल्या. तो पाठवायचा.’

नऊ वर्षं मी जो हिशेब लोकांना ऐकवत होतो, तो उलटा निघाला होता. माझ्या सौद्यामुळे तो सुधारला नाही. माझ्या सौद्याच्याच रात्री तो घसरला. डॉक्टरांनी त्याला वगळलं नसतं तर त्यांच्या तक्त्यात तो चुकलेल्यांच्या रकान्यात गेला असता, आणि रीतसर गेला असता.

‘मी तेव्हा फॉर्म घेऊन आलो असतो तर काय सांगितलं असतंस?’

‘विचारलं असतं तर सांगितलं असतं. चोरी केली.’

‘आणि जोडली ते?’

‘ते तुमच्या कागदात विचारलेलं नव्हतं.’ त्यानं ते सहज सांगितलं, टोमणा म्हणून नाही. जे प्रश्न मी घासाघीस करून उडवले होते, त्यांत तो होता का, हे मला आता आठवत नाही. मूळ प्रत माझ्याकडे नाही.

जळगावला आल्यावर मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. आधी माझी चूक लिहिली, मग चोरी, मग जोड. शेवटी लिहिलं, की माझ्या नावाचं मी सोडून दिलं आहे, पण या मुलाला परत अभ्यासात घ्या. नापासात घ्या हवं तर, पण घ्या.

त्यांचं उत्तर आलं. अक्षर थरथरलेलं होतं. ते निवृत्त झाले होते. अभ्यास केव्हाच बंद झाला आहे आणि छापलेल्या तक्त्यात आता काही बदलता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी दुसरं पत्र टाकलं: तक्ता नको, तळाची ती एक ओळ तरी बदला. त्याला उत्तर आलेलं नाही. मी तिसरं लिहायला घेतलं आहे.